बारा फेऱ्या

विमानातल्या सीटवर बसायचं नाही, हा आमच्या नोकरीतला पहिला नियम होता. सापडलेली वस्तू खिशात टाकायची नाही, हा दुसरा. आणि काकांसमोर 'झालं' म्हणायचं नाही, हा तिसरा. कारण काकांच्या लेखी कुठलीही सीट कधीच पूर्ण साफ होत नसे. पहिले दोन नियम कंपनीच्या कागदावर होते. तिसरा आमचा आम्हाला पहिल्या आठवड्यात कळायचा.

काका आमचे सुपरवायझर. अंधेरीला विमानतळावर परदेशातून आलेलं विमान रिकामं झालं की आम्ही दहा-पंधरा जण हातमोजे चढवून, काळ्या पिशव्या घेऊन आत शिरायचो. सीटच्या खिशांतला कचरा काढायचा, गालिचा झाडायचा, डोकं टेकायची पांढरी कापडं बदलायची आणि शेवटी प्रत्येक सीटचे पट्टे एकमेकांवर आडवे ठेवायचे, म्हणजे ही सीट आवरली असं लांबून दिसतं. पुढचे प्रवासी यायच्या आत हे सगळं उरकायचं. मी कॉलेज अर्धवट सोडून या कामाला लागले होते. घाटकोपरहून यायचे आणि शेजारपाजारी 'एअरपोर्टला जॉब आहे' एवढंच सांगायचे. त्यांना वाटायचं मी हवाई सुंदरी आहे. मी ते तसंच वाटू दिलं होतं.

काका मात्र कुणीही विचारलं तरी सरळ सांगायचे, "मी विमानं झाडतो." वर पुढे जोडायचे, "पुढची बाजू." पुढची बाजू म्हणजे फर्स्ट आणि बिझनेस. ती ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. साठीला टेकलेला, बुटका, गुडघ्यांनी अधू झालेला माणूस, पण युनिफॉर्मच्या पँटला अशी इस्त्री की आम्ही त्यांच्या शेजारी उभं राहायला लाजायचो. मालवणकडचे. वडील गिरणीत होते, गिरणी गेली, तेव्हा कुटुंब परळहून भांडुपला टेकडीवरच्या खोलीत आलं ते तिथंच राहिलं. फर्स्टच्या पडद्यापाशी आले की काका बूट काढायचे आणि मोज्यांवर आत जायचे. सुरक्षावाला दर वेळी ओरडायचा, कारण कामावर बूट काढायला बंदी होती. काका शांतपणे म्हणायचे, "कुणाच्या बेडरूममध्ये बूट घालून शिरतोस काय रे तू?"

नव्या माणसाची ते परीक्षा घ्यायचे. माझीही घेतली. पडद्याच्या अलीकडे उभं केलं आणि विचारलं, "सांग पोरी, फर्स्ट आणि बिझनेसमध्ये फरक काय?"

"फर्स्ट महाग असतं."

"ते मला पण माहीत आहे. महाग का?"

मी सीट मोठी असते म्हटलं, जेवण चांगलं असतं म्हटलं, दारू फुकट असते म्हटलं. ते प्रत्येक उत्तराला मान हलवत राहिले. मग म्हणाले, "इकॉनॉमीत काही मागितलं तर 'बघते' म्हणतात. बिझनेसमध्ये मागितलं की आणून देतात. फर्स्टमध्ये मागावं लागत नाही. मागायच्या आधी येतं. बाकीचे सगळे चमचे-काटे. लक्षात ठेव."

मी लक्षात ठेवलं, कारण हे वाक्य त्या माणसाने नंतर मला हजार वेळा ऐकवलं. जग त्यांनी या तीन खणांत घालून टाकलं होतं. बँकेतली बाई, रेशन दुकानदार, गॅस एजन्सी, सगळ्यांना ते वर्ग द्यायचे. मुलुंडला कुणाच्या लग्नाला जाऊन आले की दुसऱ्या दिवशी रिपोर्ट मिळायचा, "जेवण बिझनेसचं होतं, वाढणारी पोरं इकॉनॉमीची." आमच्यातल्या एकाची सोयरीक जुळली तेव्हा मुलीकडचे कसे आहेत असं विचारायच्या ऐवजी काकांनी विचारलं, "पाणी मागावं लागलं, का आधी आलं?" पोराला आठवेना. काकांनी मान हलवली आणि त्या लग्नाचं काही खरं नाही असं ठरवून टाकलं. त्या दोघांना आता दोन मुलं आहेत आणि बरं चाललंय, पण हे काकांना सांगून उपयोग नव्हता.

त्यांच्या दृष्टीने दुसरा मोठा फरक झोपेचा होता. त्यांच्या खिशात एक काचेची गोटी असायची, निळी, लहान मुलं खेळतात तसली. जुन्या विमानांतली बिझनेसची सीट सरळ होते खरी, पण तिरकी राहते, डोकं वर आणि पाय खाली. काका तिच्यावर गोटी ठेवायचे आणि ती गडगडत पायाशी गेली की आमच्याकडे बघायचे. "बघ. लोकांना वाटतं बिझनेसवाला झोपतो. झोपतो कसला, रात्रभर घसरतो. सकाळी पांघरूण, उशी, माणूस, सगळं पायाशी गोळा." मग फर्स्टमध्ये नेऊन तिथल्या सपाट झालेल्या बिछान्यावर तीच गोटी ठेवायचे. ती हलायची नाही. म्हणजे खरं तर थोडीशी हलायची, कारण उभं विमानही कुठेतरी किंचित कललेलं असतं, पण तेव्हा काका बोटाने ती अडवून धरायचे आणि आम्ही दुसरीकडे बघायचो.

"माणूस सपाट झाला पाहिजे," ते म्हणायचे. "पाठ टेकली पाहिजे पूर्ण. बसून झोपणं ही शिक्षा आहे."

मागच्या बाजूला, इकॉनॉमीत, ते फारसे यायचे नाहीत. आले की त्या अरुंद रांगांकडे बघून चुकचुकायचे. बसल्या बसल्या माना टाकून झोपलेली माणसं त्यांना न बघताही दिसायची.

मी त्यांना एकदा विचारलं, "काका, तुम्ही कधी बसलात का हो यात?" ते म्हणाले, "पुजारी देवाच्या जागी बसतो काय?" विमानाने ते कधी कुठे गेलेच नव्हते. गावी जायचे ते एसटीने, काकी खिडकीशी आणि हे कडेला. काकींना गाडी लागायची, म्हणून कोकम सरबताची बाटली, लिंबू आणि पिशवी हे काका आधीच काढून मांडीवर धरून बसायचे. हे मला काकींनी सांगितलं. "मी मागूच्या आधी," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

बसायचा नियम मी मोडला होता, तेही सांगून टाकते. नोकरीचा दुसरा महिना होता, लागोपाठ तिसरं विमान होतं आणि माझी कंबर धरली होती. फर्स्टमधलं कापड बदलायला मला काकांनीच पाठवलं होतं. मी बसले. अर्धा मिनिट असेल. पाय वर घेतले नाहीत, पाठ मात्र टेकली. डोळे उघडले तर समोर काका. त्यांनी लिहून दिलं असतं तर माझा विमानतळात शिरायचा पास त्याच दिवशी गेला असता. घरात तेव्हा कमावणारी मी एकटी होते. मी उठले तसा सीटवर पडलेला माझा खळगा काकांनी दाखवला आणि म्हणाले, "पूस." मी हाताने तो भाग सारखा करत राहिले. ते म्हणाले, "अजून दिसतोय." मी पुन्हा केला. चार वेळा करायला लावून मग म्हणाले, "सीटला कळतं." या प्रकाराबद्दल नंतर त्यांनी अवाक्षर काढलं नाही. मला वाटतं त्या दिवसापासून मी त्यांचं ऐकायला लागले, आणि पुढे जेव्हा ऐकायला नको होतं तेव्हाही ऐकलं.

मग एकेक कंपनी विमानातून फर्स्ट काढून टाकायला लागली. तीन वर्गांची विमानं दोन वर्गांची झाली. बिझनेसच्या नव्या सीटा सपाट व्हायला लागल्या, त्यांना बारकी दारंही आली. आम्हाला काम कमी झालं म्हणून आम्ही खूश. काका मात्र एखाद्या घरातलं माणूस गेल्यासारखे त्या नव्या विमानांत वावरायचे. गोटी ठेवायचे, ती थांबायची, तरी तोंड वाकडं. "सपाट आहे," म्हणायचे, "पण मागावं लागतं."

काकींची ओळख मला आधी डब्यातून झाली. काका आमच्यासाठी आठवड्यातून एकदा जास्तीचा डबा आणायचे, कधी घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ, कधी नुसती खोबऱ्याची चटणी आणि भाकरी. काकी घरी साड्यांना फॉल-पिको करायच्या. मूलबाळ नव्हतं. मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा टेकडीच्या पायऱ्या चढून मला धाप लागली होती आणि काकी दारातच म्हणाल्या, "बस गो, आधी पाणी पी." पाण्याचा तांब्या हातात तयार होता. मी काकांकडे बघितलं. ते अभिमानाने छताकडे बघत होते.

तेव्हा धाप मला लागली होती, आणि वर्षाच्या आत काकींचीच धाप सुरू झाली. लहानपणी कधीतरी आलेल्या तापाने हृदयाची झडप खराब झाली होती, ती इतकी वर्षं कुणाला कळली नव्हती. मुलुंडच्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. ऑपरेशनची वेळ निघून गेली आहे, गोळ्यांवर चालवायचं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. चालणं, जिना, मशीन हे हळूहळू सगळं बंद झालं, त्याचं काकींनी फारसं मनावर घेतलं नाही. पण आडवं पडलं की जीव घुसमटायचा. त्यामुळे त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, समोर शिलाई मशीनवर उशी ठेवून, तिच्यावर डोकं टेकून झोपायच्या. झोपायच्या म्हणजे दहा-पंधरा मिनिटं. मग मान दुखून जाग यायची. असे महिने गेले. काकींचे डोळे खोल गेले, बोलता बोलता त्या मध्येच विसरायच्या. काका कामावर यायचे ते तारवटलेल्या डोळ्यांनी. त्यांचा एकच घोष असायचा, "ती झोपली पाहिजे. एकदा नीट झोपली की बरी होईल."

दवाखान्यात मीही एकदा बरोबर होते. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, "त्यांना आडवं झोपवू नका. पाठीला आधार देऊन बसतंच ठेवा." काकांनी हात जोडले, मान डोलावली, बाहेर आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "ऐकलंस? बसवून ठेवा म्हणे."

"मग बरोबर आहे ना काका. त्यांना कळतं."

"कळतं, पण कुठलं कळतं? बाहेर बघ, बाकावर माणसं बसून आहेत. खाटा नाहीत त्यांच्याकडे. ज्यांच्याकडे खाट नसते ते बसवूनच ठेवणार." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे इकॉनॉमीचं औषध आहे, पोरी."

मला तेव्हा हसू आलं. मी बाहेर येऊन दुसऱ्यांनाही ते वाक्य सांगितलं आणि आम्ही सगळे हसलो. आज ते हसणं आठवलं की माझा मलाच राग येतो. त्या माणसाच्या डोक्यात काय शिजतंय ते त्याच वाक्यात होतं.

त्यांचं म्हणणं असं होतं की घरातली खाट मधे खचलेली आहे, काकी तिच्यात घसरतात, अंग गोळा होतं, छातीवर दाब येतो आणि म्हणून दम लागतो. झडपेचं नंतर बघू, आधी पाठ सपाट टेकली पाहिजे. पाठ सपाट टेकायची जागा जगात एकच, ती त्यांनी अर्धं आयुष्य झाडली होती.

कुर्ल्याला भंगारवाल्यांच्या गल्ल्यांत एका मोडीत निघालेल्या विमानाच्या सीटा आल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलं. काका तिथे तीन वेळा गेले. सपाट होणारी एकच सीट शाबूत होती, फर्स्टची नव्हे, बिझनेसची, नव्या धाटणीची. तिची मोटर गेलेली. काकांनी ती घेतली, ओळखीच्या लेथवाल्याकडे नेली आणि मोटरच्या जागी हाताने फिरवायचा लोखंडी दांडा बसवून घेतला, जुन्या गाड्या सुरू करायला असायचा तसला. दांडा भोकात घालायचा, उजवीकडे फिरवला की सीट हळूहळू आडवी, डावीकडे फिरवला की उभी. पूर्ण सपाट व्हायला बारा फेऱ्या लागायच्या आणि प्रत्येक फेरीला दोन्ही हातांचा जोर. टेकडीच्या पायऱ्यांवरून ती सीट वर चढवायला आम्ही कामावरचे सहा जण गेलो होतो. दाराची चौकट काढावी लागली. खोलीत ती ठेवल्यावर चालायला जागा उरली नाही. शिलाई मशीन शेजाऱ्यांकडे गेलं.

पुढच्या रविवारी दुपारी मला जेवायला बोलावलं होतं. जेवण झाल्यावर काकांनी सीटवर धुतलेली पांढरी चादर घातली, डोक्याशी इस्त्री केलेलं कापड लावलं, दांडा फिरवून सीट सपाट केली आणि खिशातून गोटी काढून तिच्यावर ठेवली. गोटी जागची हलली नाही. या वेळी त्यांनी बोट लावलं नव्हतं. मी टाळ्या वाजवल्या. मग सीट पुन्हा उभी करून त्यांनी काकींना हात धरून बसवलं, पायांवर पांघरूण घातलं आणि कमरेत वाकून विचारलं, "मॅडम, काय घेणार?"

"चाय," काकी म्हणाल्या, आणि हसताना त्यांना खोकला आला.

काकांनी दांडा फिरवायला सुरुवात केली. मोठ्याने मोजत होते. काकी खाली खाली जात होत्या आणि आमच्याकडे बघत होत्या, पाळण्यात बसलेल्या पोरीसारख्या जराशा भेदरून आणि जराशा खूश. बारा म्हटलं आणि काका कपाळाचा घाम पुसत उभे राहिले. काकी पूर्ण आडव्या होत्या, किती महिन्यांनी कोण जाणे. त्यांनी पत्र्याकडे बघून एक श्वास घेतला, मग लगेच दुसरा.

"वर करा मां," त्या म्हणाल्या.

"पाच मिनिटां," काका म्हणाले. "पयल्यांदा सगळ्यांका असाच वाटता. आंगाक सवय नाय मां. पाच मिनिटां पड, मगे बघ."

काकींनी ऐकलं. आयुष्यभर त्या माणसाने मागायच्या आधी आणून दिलं होतं, त्यामुळे मागितलेलं पुन्हा मागायची त्यांना सवयच नव्हती. मी तिथेच बसले होते, हातभर अंतरावर. त्यांची बोटं चादर मुठीत धरताना मी बघितली. दवाखान्यातली बाई काय म्हणाली होती ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. तरी मी बोलले नाही, कारण काकांना कळतं असं मला वाटत होतं. फार तर दोन मिनिटं झाली असतील. काकींचे ओठ निळे झाले आणि घशातून पाणी उकळल्यासारखा आवाज आला.

काकांनी दांड्यावर झेप घेतली. पण खाली जायला बारा फेऱ्या लागत होत्या, तशा वर यायलाही बाराच. एक, दोन, तीन. सीट बोटभर बोटभर उठत होती आणि काकी हात वर करून हवा धरायला बघत होत्या. मी त्यांना पाठीमागून उचलून बसवायचा प्रयत्न केला, मला पेलवेना. शेजारच्या दोघांनी धावत येऊन त्यांना उचललं तेव्हा काका सातव्या फेरीवर होते, आणि काकी सीटवर नाहीत हे कळूनही त्यांनी उरलेल्या पाच फेऱ्या पूर्ण केल्या. ते दृश्य मला विसरता येत नाही.

पायऱ्यांवरून खुर्चीत बसवून काकींना खाली आणलं, रिक्षाने मुलुंडला नेलं. त्या वाचल्या. तिसऱ्या दिवशी घरी आल्या. त्या संध्याकाळी काकांनी मला पायऱ्यांपर्यंत सोडायला येऊन वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जड वस्तू हातात दिली. दांडा होता.

"तुझ्याकडे ठेव. घरात नको."

"काका, सीट कमी-जास्त करायला लागेल ना?"

"लागणार नाही. चार फेऱ्यांवर ठेवली आहे. ती म्हणाली, इथेच बरं वाटतं. तिनं सांगितलं." मग म्हणाले, "माझा भरवसा नाही, पोरी. मला पुन्हा वाटेल."

मी दांडा घरी आणून कपाटावर ठेवला. आईने विचारलं हे काय, मी म्हटलं कामावरचं आहे.

गंमत म्हणजे, आणि यात गंमत काही नाही, ती सीट काकींना लाभली. चार फेऱ्यांवर पाठ जेमतेम कललेली राहायची, डोक्याला दोन्ही बाजूंनी आधार मिळायचा, पायांखाली पट्टी यायची. त्यांना सलग दोन-तीन तास झोप लागायला लागली. इकॉनॉमीतली माणसं झोपतात तशी, बसून. डोळ्यांखालचं काळं कमी झालं. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन त्यांचे केस धुवायचे, पाणी पडू नये म्हणून सीटला प्लास्टिक लावून. एकदा त्या मला हळूच म्हणाल्या, "ह्येंका सांग गो, माका आता झोप लागता. ह्येंनी पण जरा निजाक व्हया." काका सीटच्या पायाशी जमिनीवर बसलेले असायचे, भिंतीला टेकून, डोळे उघडे. काकींनी मान जरा हलवली की उठायचे. पण आता पुढे काही करायचे नाहीत. विचारायचे, "काय व्हया?" आणि उत्तर येईपर्यंत उभे राहायचे. उशी सरकवण्यासाठीसुद्धा विचारायचे. काकी कधी कधी कंटाळून म्हणायच्या, "काय नको, बसा."

कामावरही ते बदलले. गोटी दिसेनाशी झाली. फर्स्टच्या पडद्यापाशी बूट काढायचे बंद झाले. एक नवी पोरगी आली होती, तिला कुणीतरी आधीच पढवून ठेवलं होतं, तिने आपण होऊन विचारलं, "काका, फर्स्ट आणि बिझनेसमध्ये फरक काय असतो?" आम्ही सगळे ऐकायला थांबलो. काका पट्टे आडवे ठेवत होते. वर न बघता म्हणाले, "काही नाही. उडताना आणि उतरताना सगळ्यांनाच सरळ बसवतात." आणि पुढच्या सीटकडे गेले.

असं आठ-नऊ महिने चाललं. माझी दुपारची ड्यूटी होती त्या दिवशी, सकाळी मी भाकऱ्या करत होते. फोन वाजला. काका माझ्याशी कधी मालवणीत बोलत नसत, ती भाषा काकींसाठी होती. त्या दिवशी म्हणाले, "दांडो घेऊन ये."

मी तवा उतरवला, कपाटावरून दांडा काढला. वर्तमानपत्र तेच होतं. घाटकोपर ते भांडुप रिक्षात तो मांडीवर धरून बसले होते आणि मला रडू येत नव्हतं, नुसता हातांना गारवा लागत होता.

पायऱ्यांवर बायका उभ्या होत्या, त्यांनी वाट दिली. काकी सीटवर होत्या, मान एका बाजूला, नेहमी झोपायच्या तशाच. सकाळचा चहा घेऊन काका आले तेव्हा त्यांना कळलं. तासही झाला नव्हता. शेजारचे आजोबा मला म्हणाले, "केव्हापासून सांगतोय, माणसाला खाली घ्यायला हवं, चार जण उचलतो. हा हात लावू देत नाही." काकांनी माझ्यापुढे हात केला. मी कागद सोडून दांडा दिला.

त्यांनी तो भोकात बसवला आणि फिरवायला लागले. इतके महिने बंद असल्यामुळे पहिली फेरी कुरकुरली. ते मोजत नव्हते, मी मनात चारच्या पुढे मोजत होते. पाच. सहा. काकींचं डोकं हळूहळू मागे जात होतं. प्रत्येक फेरीनंतर काका थांबायचे, त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे, मग पुढची. दहाव्या फेरीला त्यांचा जोर पुरेना, मी पुढे झाले, त्यांनी मान हलवून नको म्हटलं. बारावी फेरी झाली. काकी सपाट झाल्या, पाठ पूर्ण टेकलेली, हात दोन्ही बाजूंना, तोंडावर कसलाही त्रास नाही.

आजोबा म्हणाले, "झालं. चला, आता घेऊ या खाली."

काकांनी दांडा सोडला नाही. एक हात दांड्यावर तसाच ठेवून ते वाकले, काकींच्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच विचारलं, "वर करू काय गो?"

आणि उत्तरासाठी थांबले. बराच वेळ थांबले. त्यांचा हात दांड्यावरून काढायला आमच्यापैकी कुणीच पुढे झालं नाही.